मोसंबीची बाग आणि तिचे वारस

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण तालुका व शेजारचा जालना जिल्हा हा मोसंबीचा मुलूख होय. पाचोड येथे ह्या फळाचा मोठा बाजार भरतो, व जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ज्या घरी बाग आहे तेथे 'ही आमच्या आजोबांची बाग' असे मोठ्या अभिमानाने सांगतात. परंतु आजोबांची बाग नातवापर्यंत पोहोचते ती कशी, आणि पुष्कळ घरी ती मध्येच का तुटते, ह्याचा विचार ह्या पाठात करावा असे आम्ही योजिले आहे.

१. झाड. मोसंबीचे झाड दिसावयास एक, परंतु ते दोन झाडांचे झालेले असते. खाली जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट असतो व त्यावर मोसंबीचा डोळा भरलेला असतो. गोड फळ वरच्या फांदीचे. जमिनीतून पाणी ओढण्याचे काम मात्र खुंटाचे. रंगपूर लिंबाचा खुंट पाण्याची ओढ व डिंक्या रोग अधिक सोसतो. ह्यास्तव रोपे घेताना 'फळ कसे येईल?' एवढेच न विचारता 'खुंट कोणता आहे?' हेही विचारावे. डोळा भरलेली जागा मातीच्या वर राहील अशी लावणी करावी. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये, आणि पावसाळ्यापूर्वी एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी ह्यांचे बोर्डो मलम बुंध्यास लावावे.

असे झाड चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ देऊ लागते व चांगले राखल्यास सुमारे पंचवीस वर्षे टिकते. तेव्हा आजोबांनी लावलेले झाड नातवाच्या हाती क्वचितच येते. वारशाने येते ती जमीन, विहीर आणि बाग राखण्याची विद्या. झाडे प्रत्येक पिढीस स्वतःच लावावी लागतात.

२. पाणी. आपल्या भागात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही भरवशाचा नाही. सतराव्या शतकात मलिक अंबराने डोंगरातील पाणी नहरीने शहरात आणिले. मोगल अमदानीतील हिमायत बाग आजही शहरात असून तेथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. ह्या मुलखात आधी पाण्याची सोय आणि मागून बाग, हाच क्रम चालत आला आहे.

खेड्यातील बाग प्रथम मोटेवर भिजे. मग तेलाचे इंजिन आले, त्यानंतर विजेची मोटार, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर कूपनलिका गावोगाव झाल्या. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले, परंतु त्याच्या कालव्याचे पाणी सर्वांच्या शेती पोहोचणारे नव्हते. प्रत्येक पिढीस पाणी काढणे आदल्या पिढीहून सोपे झाले, आणि पाणी मात्र खोल खोल गेले. मोटेवर बैल थकत, आणि विहिरीस विसावा मिळे. मोटार थकत नाही.

ह्याचे फळ २०१२ च्या दुष्काळात दिसले. विहिरी व कूपनलिका आटल्या. ज्यांस शक्य झाले त्यांनी टँकर विकत घेऊन झाडे जगविली. ज्यांस शक्य झाले नाही त्यांनी वाळलेल्या बागांवर आपल्याच हातांनी कुऱ्हाड चालविली. बापाने पंधरा-वीस वर्षे वाढविलेले झाड एका उन्हाळ्यात सरपण झाले.

३. ताण. आंबे बहार धरण्यासाठी डिसेंबर-जानेवारीत काही आठवडे पाणी तोडावे लागते. पाने मलूल होऊन काही गळतात. मग पाणी हळूहळू दिले म्हणजे फुले येतात. हलक्या जमिनीस हा ताण थोडा पुरतो, भारी जमिनीस अधिक लागतो. पान पाहून पाणी कधी सोडावे, ही परीक्षा मुलगा बापाबरोबर बागेत हिंडूनच शिकतो. ताण मोजून दिलेला असतो व त्याच्या शेवटी विहिरीत पाणी असते. दुष्काळास माप नसते. म्हणून विहिरीत पाणी नसेल त्या वर्षी बहार धरू नये. लागलेली फळे तोडावी, फांद्या छाटाव्या, आळ्यात पाचट पसरावे, व असेल ते पाणी ठिबकने द्यावे. एका वर्षाचे फळ आपले आहे. झाड मुलांच्याही हिश्शाचे आहे.

४. वाटणी. दुष्काळातून वाचलेली बाग पुष्कळदा वाटणीत मरते. असे समजा की चार एकरांची बाग चौघांत वाटली. जमिनीचे चार तुकडे होतील, विहिरीचे होत नाहीत. एकाने पाळी चुकविली की दुसऱ्याची झाडे वाळतात, आणि खुंट एकच असून फांद्या भांडू लागतात. ह्यास्तव वडील हयात असतानाच पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहून घ्याव्या. जमल्यास झाडे एकत्र राखून उत्पन्न वाटावे. मुलींचाही हिस्सा मोजावा. ख्रिस्ती कुटुंबांस लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मुलगा व मुलगी ह्यांत भेद नाही.

शेवटी एक सूचना. सारी बाग एकदम म्हातारी होऊ देऊ नये. दर पाच-सहा वर्षांनी एक भाग नव्याने लावावा, म्हणजे घरात फळ देणारी झाडे व वाढती झाडे एकाच वेळी असतील, आणि घरच्या मुलांस लावणीही पाहावयास मिळेल व तोडणीही.

विचारावयाचे प्रश्न: (१) आपल्या बागेतील झाडांचा खुंट कोणता आहे? (२) आपली विहीर आजोबांच्या वेळी किती खोल होती व आज किती आहे? (३) ताण कधी तोडावा हे आपल्या घरी कोणास कळते, व तो ते कोणास शिकवीत आहे?