व्यवसायवाढीसाठी ओळखीचे जाळे

उद्योगधंद्याची चर्चा निघाली की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो भांडवलाचा. भांडवल नाही म्हणून धंदा नाही, असे आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. त्यात तथ्य आहेच. परंतु भांडवलाइतकीच आणखी एक गोष्ट धंद्याला लागते आणि ती बँकेत कर्जाने मिळत नाही. ती म्हणजे ओळख. ज्यांच्या घरी तीन-चार पिढ्या पेढी चालली, त्यांच्या मुलाला दुकानाबरोबर गिऱ्हाईक, पुरवठादार आणि उधारीवर माल देणारा व्यापारी हे सारे वारशाने मिळते. आपल्यातील बहुतेक उद्योजक मात्र घरातील पहिलेच. हातात कसब आहे, पण ते कसब कोणाला हवे आहे, हे सांगणारे कोणी नाही.

हे दुखणे जुने आहे. परदेशात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी मुंबईत शेअर व्यवहाराबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक तुटले व तो बंद करावा लागला. ज्ञानाची उणीव नव्हती. बाजाराची दारे बंद होती. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी ‘डिक्की’ ही दलित उद्योजकांची संस्था स्थापन केली, तीही ही दारे संघटितपणे उघडण्यासाठीच. आज प्रत्येकाला स्वतःहूनही एक प्रयत्न करता येईल, त्याचा विचार आपण येथे करू.

जवळची आणि दूरची ओळख

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की ही बातमी देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटतो म्हणणारे सुमारे १७ टक्केच निघाले. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच होत असे. कारण सरळ आहे. भाऊ, मित्र, शेजारी यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातील माणूस आणतो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांचा पाच वर्षांचा अभ्यास आला, त्यातही दूरच्या ओळखीच नोकरीसाठी अधिक उपयोगी ठरल्या. मात्र अगदीच नावापुरत्या ओळखीचा उपयोग कमी, हेही त्यात दिसले.

हे अभ्यास नोकरीचे आहेत. परंतु ऑर्डरची बातमीही याच वाटेने चालते, असे आम्हाला वाटते. वस्ती, नातेवाईक, विहार ही आपली बळकट नाती. संकटात तीच धावून येतात. पण कारखान्याच्या खरेदी विभागापर्यंत ती सहसा पोहोचत नाहीत.

हे साधन कसे वापरावे?

२००३ साली सुरू झालेले लिंक्डइन हे कामधंद्याच्या ओळखींचे जाळे आहे. २०२३ मध्ये त्याच्या सभासदांची संख्या शंभर कोटींपुढे गेली. साधे खाते मोफत उघडता येते. समजा, आपल्यातील एका तरुणाचे भोसरीला फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. त्याने पुढीलप्रमाणे सुरुवात करावी.

१) नावाखालची ओळ नीट लिहावी. नुसते ‘प्रोप्रायटर’ लिहून कोणास काही बोध होत नाही. ‘भोसरी येथे पंपांच्या बेस फ्रेम व शीट मेटलची कामे’ असे लिहावे, म्हणजे शोधणाऱ्यास सापडेल.

२) कामाचा पुरावा द्यावा. यंत्रे, वेल्डिंग, तयार माल यांचे स्वच्छ फोटो टाकावेत. गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग वा माल त्याच्या परवानगीशिवाय कदापि दाखवू नये.

३) निवडून ओळख करावी. ज्यांना आपला माल लागू शकतो अशा वीस कारखान्यांची यादी करावी व तेथील खरेदी किंवा उत्पादन विभागातील माणसे शोधावीत. दोघांच्या ओळखीचा कोणी असल्यास तेही तेथे दिसते. त्याच्यामार्फत जाणे उत्तम. सोबत दोन ओळी लिहाव्यात : ‘महोदय, आपण पंपांच्या कारखान्यात खरेदी विभाग पाहता. आम्ही पंपांच्या बेस फ्रेम तयार करतो. आपला परिचय व्हावा ही इच्छा.’ पहिल्याच पत्रात काम मागू नये.

४) आधी द्यावे, मग मागावे. पातळ पत्रा वेल्डिंगमध्ये वाकू नये म्हणून काय करतो, हे आठवड्यातून एकदा चार ओळींत सांगावे. दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असेल तर द्यावे. विश्वास असाच वाढतो.

५) ओळख पडद्यावर ठेवू नये. फोन करावा, वर्कशॉप पाहावयास बोलवावे, कोटेशन सांगितलेल्या दिवशी द्यावे. माल उशिरा गेला तर कोणतेही जाळे वाचवू शकत नाही.

कागदपत्रांची तयारीही हवी. उद्यम नोंदणी मोफत आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ठरावीक खरेदी करावयाची असते. २०१८ मध्ये हे प्रमाण २५ टक्के करण्यात आले. त्यापैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आहे. अशा उपक्रमांतील खरेदी अधिकाऱ्यांना आपण आहोत हे कळले, तरच या तरतुदीचा लाभ मिळेल.

दोन इशारे

अनोळखी माणूस मोठ्या ऑर्डरचे आमिष दाखवून ‘नोंदणी फी’ किंवा ओटीपी मागू लागला तर तेथेच थांबावे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

दुसरी गोष्ट मनाला लागणारी आहे. आडनाव वाचून जात शोधणारी नजर येथेही असते. काही निमंत्रणे अनुत्तरित राहतील आणि कारण कधीच कळणार नाही. म्हणून नाव लपवू नये. पूर्वी गावच्या एका पेढीने दार लावले की सारा बाजार बंद होत असे. आता एकाने पाठ फिरवली तरी यादीत आणखी एकोणीस नावे आहेत.

विद्यार्थी मित्रांनी धंदा सुरू होईपर्यंत थांबू नये. आयटीआय, पॉलिटेक्निकमधील शिक्षक, पुढच्या वर्गातून बाहेर पडलेले विद्यार्थी, जेथे अप्रेंटिसशिप केली तेथील सुपरवायझर यांच्यापासून आजच प्रारंभ करावा. आणि जे पुढे गेले आहेत त्यांनी मागून येणाऱ्या एका तरी होतकरूची ओळख आपल्या गिऱ्हाइकाशी करून द्यावी. वारशाने जे आपल्याला मिळाले नाही, ते पुढच्या पिढीला आपल्याकडून मिळावे, एवढीच आमची अपेक्षा.