डबा बदलतो मोबाइल, व्यवस्था मात्र दुकानदाराची

आमच्या व्यापारी बांधवांच्या दुकानात आता वाय-फाय ही गज-कात्रीइतकीच गरजेची वस्तू झाली आहे. बिल टॅबवर फाडले जाते, गोदामातील ताके मोबाइलवर मोजले जातात, यूपीआयचे पैसे जमा झाले की नाही हेही त्याच टॅबवर पाहिले जाते. दुकान पुढे, माळा वर आणि गोदाम मागे, म्हणून एक डबा पुरत नाही. मग दोन-तीन अॅक्सेस पॉइंट बसवले जातात आणि तिथूनच एक तक्रार सुरू होते. नोकर टॅब घेऊन गोदामातून गल्ल्यावर येतो आणि ऐन वेळी बिल अडकते. गिऱ्हाईक म्हणते पैसे गेले, टॅब म्हणतो आले नाहीत. हुज्जत होते आणि वर्षांचे गिऱ्हाईक दुखावते.

अशा वेळी बहुतेक जण आणखी जोरदार डबा विकत आणतात. हा इलाज नव्हे. आधी दुखणे समजून घेऊ या.

कोणत्या डब्याला चिकटायचे हे डबा ठरवत नाही, मोबाइल ठरवतो. गिऱ्हाईक कोणत्या पेढीवर जाईल हे जसे गिऱ्हाईकच ठरवते, तसेच हे आहे. जुन्या डब्याचा सिग्नल बराच खाली जाईपर्यंत मोबाइल त्याला सोडत नाही. सिग्नल डीबीएम या मापात मोजतात. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ६० चांगला, उणे ८० अगदी कमजोर. आयफोन साधारण उणे ७० च्या खाली गेल्यावरच दुसरा डबा शोधू लागतो. इतर मोबाइलांची हद्द वेगवेगळी असते. म्हणजे गोदामातील डब्याचा जोर फार असेल, तर गल्ल्यावर येऊनही टॅब त्यालाच धरून बसतो.

शिवाय डब्याचा आवाज मोठा, पण मोबाइलचा लहान. डब्याचे बोलणे मोबाइलला ऐकू येते, मोबाइलचे उत्तर मात्र डब्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पडद्यावर काड्या दिसतात आणि काम होत नाही, त्याचे एक मोठे कारण हे.

आता तजवीज. पहिली गोष्ट, सर्व डब्यांचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवावा. दुसरी, मोबाइलला आयपी पत्ता देणारा राउटर संपूर्ण जागेत एकच असावा. बाकीचे डबे ‘अॅक्सेस पॉइंट मोड’मध्ये लावावेत. प्रत्येक डबा आपापला पत्ता वाटू लागला, तर डबा बदलताच पत्ता बदलतो आणि चालू काम तुटते. छोट्या दुकानांत हा घोटाळा नेहमीचा आहे. तिसरी, शक्य तिथे डबे तारेने जोडावेत. नेहमीची तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. रिपीटर स्वस्त पडतो, पण साध्या रिपीटरला तेच रेडिओ घ्यायला आणि द्यायला वापरावे लागते, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो.

चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची. डब्यांचा जोर वाढवू नये, गरजेपुरता कमी करावा. दोन डब्यांच्या हद्दी थोड्याच एकमेकींत मिसळाव्यात. जिथे अदलाबदल व्हायची, तिथे पुढच्या डब्याचा सिग्नल उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला मिळावा. पाचवी, २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या डब्यांना १, ६ आणि ११ असे वेगळे चॅनेल द्यावेत आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी.

बऱ्याच डब्यांत के, व्ही आणि आर अशा तीन सोयी असतात. ‘के’ मोबाइलला शेजारच्या डब्यांची यादी देते, ‘व्ही’ अमुक डब्यावर जा असा सल्ला देते, ‘आर’ नव्या डब्यावरची ओळखतपासणी लवकर उरकते. सल्ला हा सल्लाच. मोबाइल तो टाळूही शकतो. ‘आर’ चालू केल्यावर काही जुनी यंत्रे जोडलीच जात नाहीत, म्हणून बिलाचे जुने मशीन आधी तपासावे. कमजोर सिग्नलच्या मोबाइलला बाहेर काढण्याची सोयही काही डब्यांत असते. जवळ दुसरा चांगला डबा नसेल तर ती वापरू नये. मोबाइल नुसता जोडत-तुटत राहतो.

परीक्षा सोपी आहे. डीबीएम दाखवणारे अॅप घेऊन गोदामापासून गल्ल्यापर्यंत नेहमीच्या चालीने चालावे आणि डबा कुठे बदलतो ते कागदावर लिहावे. हे काम माल भरलेला असताना करावे, कारण लोखंडी रॅक आणि काँक्रीटचा स्लॅब सिग्नल अडवतात आणि रिकाम्या गोदामातील आकडा भरल्या गोदामात टिकत नाही.

नवा डबा घेण्याआधी जुन्यांची मांडणी, जोर आणि चॅनेल तपासा. पुष्कळदा एका दुपारच्या मेहनतीत काम होते आणि थैलीतला पैसा थैलीतच राहतो.