नेम दोघांवर, मंत्र एक

मुलांनो, मधल्या सुट्टीत तुमचा पत्त्यांचा डाव रंगतो. वाद सुरू झाला की मात्र मराठी संपते आणि जर्मन सुरू होते, हे आम्ही पालक मागच्या बाकावरून पाहत असतो. वादाचे कारण बहुधा एकच: एका मंत्राने दोघांवर नेम धरला, त्यातला एक निसटला, आता काय? हा वाद मराठीत मिटवता येतो का, ते पाहू.

खेळ अर्थात 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. यात टाकलेला मंत्र लगेच लागू होत नाही, तो चवडीवर बसतो. समोरचा त्याच्यावर आपला मंत्र ठेवू शकतो, आणि सोडवताना वरचा आधी सुटतो. (संगणकवाल्या पालकांना हे सांगायला नको. बाकीच्यांनी फडताळातली ताटांची चवड आठवावी.) चवडीचा हा नियम १९९९ सालापासूनचा आहे.

आता 'इलेक्ट्रोलाइझ' हा पत्ता घ्या. तो मिळून दोन गुणांचा मार देतो. तो मार एकालाच द्यायचा की दोघांत वाटायचा, हे टाकणाऱ्याने टाकतानाच सांगायचे असते. शिवाय शेवटी त्याला एक पत्ता उचलायला मिळतो. समजा, तुम्ही समोरच्याच्या दोन प्राण्यांना एक-एक गुण वाटला. त्याने उत्तरादाखल 'अनसमन' टाकला आणि आपला एक प्राणी हातात परत घेतला. अनसमन वर आहे, म्हणून तो आधी सुटला. मग इलेक्ट्रोलाइझची पाळी आली.

इथे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "उरलेल्याला दोन्ही गुण बसणार." दुसरा म्हणतो, "एक नेम चुकला, सगळा मंत्र फुकट." दोघेही चूक. मंत्र सुटताना आपली लक्ष्ये पुन्हा तपासतो. एक जरी शाबूत असेल तरी मंत्र चालतो आणि जमेल तेवढे करतो. उरलेल्या प्राण्याला एकच गुण बसतो, निसटलेल्याचा वाटा वाया जातो, आणि पत्ता मात्र तुम्हाला मिळतो.

पण तुम्ही दोन्ही गुण एकाच प्राण्यावर लावले असतील आणि तोच परत गेला, तर? सगळी लक्ष्ये गेली की मंत्रातले काहीच घडत नाही, पत्तासुद्धा मिळत नाही. म्हणून समोरच्याकडे निळे पत्ते असतील तर दोघांवर नेम धरणे शहाणपणाचे, असे आमचे मत.

वाटणी नंतर का बदलू नये? समोरच्याने आपले उत्तर ती ऐकूनच ठरवलेले असते. महाभारतात अश्वत्थाम्याने सोडलेले ब्रह्मास्त्र ऐन वेळी उत्तरेच्या गर्भाकडे वळवले. या खेळात ती सोय नाही.

आता भाषेकडे. "दोन प्राण्यांना दोन गुण" म्हटले तर एकूण दोन की प्रत्येकाला दोन? अर्धी भांडणे इथेच होतात. जर्मनमध्ये तुम्ही 'ये' हा छोटा शब्द लावून मोकळे होता. मराठीत 'प्रत्येकी दोन' किंवा नुसते 'दोन-दोन' म्हणा, आणि एकूण म्हणायचे असेल तर 'मिळून दोन'. तसेच जर्मन पत्त्यावर जिथे 'डाइनर वाल' असते, तिथे मराठीत 'नेम धरलेला' म्हणावे. 'निवडलेला' नको, कारण नेम न धरताही काही पत्ते निवड करायला सांगतात.

करून पहा (उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहावीत, आईबाबांची मदत चालेल, पत्त्यांची नाही):

१. 'आर्क लाइटनिंग'चे तीन गुण तुम्ही तिघांना एक-एक वाटले. दोघे निसटले. तिसऱ्याला किती गुण बसतील?

२. 'पायरोक्लाझम' प्रत्येक प्राण्याला दोन-दोन गुणांचा मार देतो. त्यात नेम कोणाकोणावर धरला आहे?