बारावीच्या मार्कांना कोण विचारतं?

धरमपेठ, नागपूर

चि. सईस,


ताईचा काल फोन आला. तू म्हणतेस, इंजिनीअरिंग सीईटीवर मिळतं, मग बारावीच्या मार्कांना कोण विचारतं? सई, हे अर्धं खरं आहे. मला धास्ती आहे ती उरलेल्या अर्ध्याची.

राज्याच्या यादीत नंबर सीईटीच्या पर्सेंटाइलवरच लागतो. बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला ४० टक्के असले की भागतं. जेईईच्या रँकमध्ये पूर्वी बोर्डाचे मार्क धरायचे, तेही २०१७ पासून बंद झालं.

पण तुला आपल्या इथली एनआयटी, म्हणजे व्हीएनआयटी हवी आहे ना? तिथे जेईई मेनच्या रँकसोबत बारावीचे ७५ टक्के लागतात (एससी, एसटीला ६५), नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी आहेत, म्हणजे तुला संधी चांगली आहे. चांगली रँक हातात असून बोर्डाने घात केलेला मुलगा मी पाहिलाय. त्याच्या वडिलांना काय सांगावं, मला सुचेना.

हे मार्क जातात कुठे, ते मी केमिस्ट्री शिकवताना रोज बघते. कॉलेजात फक्त नाव, दिवसभर क्लास. केमिस्ट्रीला ७० ची लेखी आणि ३० चं प्रॅक्टिकल. वर्षभर ब्युरेटला हात न लावलेली मुलं परीक्षेत नळी भसकन सोडतात. फिकट गुलाबी छटा यायची तिथे फ्लास्क गडद गुलाबी होतो, मग शेजारच्याचं रीडिंग मागायची वेळ येते. लेखीत उत्तर बरोबर असतं, पण सूत्र नाही, पायऱ्या नाहीत, एकक नाही. सीईटीमुळे पर्याय निवडायची सवय लागलेली. बोर्ड मात्र पायरीपायरीला मार्क देतं. इंग्रजीकडे तर कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि त्या ७५ टक्क्यांत ती मोजतात.

शिवाय अभ्यास काही वेगळा नाही. सीईटीचा ८० टक्के भाग बारावीचाच आहे, २० टक्के अकरावीचा. अकरावीला तुम्ही ‘रेस्ट इयर’ म्हणता, ते मला मुळीच पटत नाही. २०२१ मध्ये करोनामुळे बोर्डाची परीक्षा रद्द झाली, तेव्हा निकालात दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत गुणांचे ४० टक्के धरले. अकरावी आरामात काढलेल्यांना ते चांगलंच भोवलं. आणि उद्या सीईटी बिघडलीच, तर आपल्या इथल्या कॉलेजांत साध्या बी.एस्सी.ला हेच बारावीचे मार्क घेऊन जावं लागेल.

क्लास सोड असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एक पेपर तीन तास बसून, हाताने, पूर्ण लिहायचा, आणि एकही प्रॅक्टिकल बुडवायचं नाही, एवढं माझं ऐक. येत्या रविवारी केमिस्ट्रीचं जर्नल घेऊन माझ्याकडे ये. इंग्रजीचं पुस्तकही आण.

तुझी,
मावशी