मेंदूस तोलून धरणारा द्रव

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील मेंदू-संग्रहालयात खरा मानवी मेंदू हाती घेऊन पाहता येतो. प्रौढ मेंदूचे वजन सुमारे १,४०० ग्रॅम असते. परंतु कवटीत तो मस्तिष्क-मेरुद्रवात तरंगत असल्याने त्याचा भार अवघा ५० ग्रॅमइतकाच उरतो. हा द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. मेंदूतील पोकळ्यांत मुख्यतः तो तयार होतो. दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर द्रव निर्माण होऊन तितकाच रक्तात शोषला जातो. ही वाट अडली, की द्रव तुंबतो व तान्ह्या मुलाचे डोके वाजवीपेक्षा जलद वाढू लागते. या विकारास ‘जलशीर्ष’ म्हणतात. वेळीच शस्त्रक्रिया करून द्रवास वाट करून दिल्यास मेंदूची हानी पुष्कळदा टळते. म्हणूनच बाळाच्या डोक्याचा घेर वेळोवेळी फितीने मोजणे अगत्याचे आहे.