आकाशातून आलेला पाठ

हल्ली अनेक पाठ्यपुस्तकांच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला आढळतो. भ्रमणध्वनी त्यासमोर धरला की धड्यातील चित्र हलू-बोलू लागते. त्यामुळे पुष्कळ पालकांची अशी समजूत झालेली दिसते की, प्राथमिक शाळेत यंत्र शिरले ते अगदी अलीकडे. वस्तुतः याहून कितीतरी धाडसी प्रयोग आपल्या देशात १९७५ सालीच होऊन गेला, आणि तोही शहरांत नव्हे, तर दूरदूरच्या खेड्यांत. त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे; कारण शाळेत यंत्र आले म्हणजे त्याचे सारथ्य कोणी करावे, हा प्रश्न तेव्हा जसा उभा राहिला तसाच तो आजही उभा आहे.

खेडोपाडी दूरचित्रवाणी न्यावयाची तर जमिनीवर ठिकठिकाणी उंच मनोरे उभारीत बसण्यापेक्षा उपग्रहाकडूनच चित्र थेट गावात उतरवावे, अशी डॉ. विक्रम साराभाई यांची कल्पना. १९६९ साली अमेरिकेशी तसा करार झाला. साराभाई १९७१ च्या अखेरीस निवर्तले. प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढे त्याच्या व्यवस्थापनाची धुरा वाहिली ती मूळच्या कोल्हापूरच्या डॉ. एकनाथ चिटणीस यांनी, हे आपणा मराठी वाचकांस मुद्दाम ठाऊक असावे. अमेरिकेचा ‘एटीएस-६’ हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, आफ्रिकेच्या माथ्यावर आणून ठेवण्यात आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एकच वर्ष तो आपल्या वाट्यास आला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसले. त्यांत बेळगावाशेजारच्या विजापूर जिल्ह्यातील खेडीही होती. संचाजवळ तीन मीटर व्यासाची एक छत्री असे. ती बनविली होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. आकाशातील एवढ्या महागड्या उपग्रहाशी बोलणारी ही खुराड्याची जाळी मला त्या साऱ्या खटाटोपातील सर्वांत सुंदर वस्तू वाटते.

सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी राखलेला होता. भाषा चार : हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया. म्हणजे प्रत्येक भाषेच्या वाट्यास साडेबावीस मिनिटे आली. तेवढ्यात पाच वर्षांच्या बालकापासून बारा वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांनी एकच कार्यक्रम पाहावयाचा. पडद्याला थांबा म्हणता येत नाही, पुन्हा सांगा म्हणता येत नाही. मागच्या रांगेतील मुलगी गोंधळली आहे, हे त्या ३६,००० किलोमीटरवरच्या गुरुजींना कसे कळावे?

त्यातही अवघड बाब भाषेची. बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या तिन्ही राज्यांना मिळून हिंदीचा एकच कार्यक्रम जात असे. परंतु दरभंग्याकडील मूल घरी मैथिली बोलते, रायपूरकडील छत्तीसगढी, कोट्याकडील हाडौती. पडद्यावरची नेटकी हिंदी त्यांच्या कानांवर पडे ती जवळची म्हणून, पण घरची म्हणून नव्हे. ही अडचण मला पुस्तकातून समजून घ्यावी लागली नाही. माझ्या घरची भाषा कोंकणी. आमच्याकडे तहान लागली म्हणजे उदक मागतात. मराठीत ‘उदक’ हा शब्द राहिला तो पूजेपुरता, नाही तर एखाद्या गोष्टीवर उदक सोडण्यापुरता! पडद्यावरचा आवाज म्हणतो, ‘पाण्याचे बाष्पीभवन होते.’ पहिली-दुसरीतले कोंकणी मूल हे वाक्य पाठ म्हणून दाखवील, पण त्याला अर्थ लागेल तो कोणी ओली पाटी उन्हात धरून ‘उदक खंय गेलें?’ असे विचारील तेव्हा. हा प्रश्न यंत्र विचारू शकत नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु कोणत्या मुलाला तो कोणत्या क्षणी विचारावा, हे जाणणारा माणूस वर्गातच उभा असावा लागतो.

प्रयोगाच्या चालकांना याची जाणीव होती, आणि त्यांचे खरे मोठेपण मला येथे दिसते. त्यांनी केवळ मुलांकडे पाहिले नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी बारा दिवसांचा विज्ञान-अध्यापनाचा वर्ग याच उपग्रहाद्वारे घेण्यात आला; सुमारे २४,००० शिक्षक त्यास बसले. नंतर दुसरी फेरी झाली आणि शिकलेल्यांची संख्या ५० हजारांच्या घरात गेली. दूरचित्रवाणीच्या जोडीला नभोवाणी होती, छापील साहित्य होते, आपसांतील चर्चा होती, आणि हाताने करावयाचे प्रयोगही होते. शिक्षकाला बाजूला सारण्यासाठी यंत्र आणलेले नव्हते. आधी त्यालाच विद्यार्थी केले होते.

मुदत संपली आणि उपग्रह परत गेला. आपला स्वतःचा इन्सॅट-१बी कार्य करू लागावयास १९८३ साल उजाडले. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे शैक्षणिक व्यासपीठ सुरू झाले, आणि पुस्तकांतील त्या ठिपक्यांच्या चौकोनांतून मुले आज तेथवर पोहोचतात. तेव्हाच्या मानाने एक सोय मात्र अमोल झाली आहे : चित्रफीत थांबविता येते. दुर्दैवाने ती थांबविण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. फीत लावून द्यावी आणि तेवढ्या वेळात हजेरीपट पुरा करावा, ही प्रथा सर्वत्र बळावत चालली आहे, आणि तिला तंत्रज्ञान हे भारदस्त नाव मिळाले आहे.

माझ्या परिचयाच्या एक शिक्षिका तिसरीला शिकवितात. उद्याची चित्रफीत त्या आदल्या रात्री स्वतः पाहतात आणि कोठे थांबावयाचे ते वहीत टिपून ठेवतात. वर्गात प्रथम आवाज बंद करून फीत दाखवितात. काय दिसले ते मुलांनी आपापल्या घरच्या बोलीत सांगावयाचे, कोणी कोंकणीत, कोणी कन्नडात. ते सारे फळ्यावर येते. मग त्याशेजारी मराठी शब्द लिहिला जातो, आणि त्यानंतरच आवाज सुरू होतो. दहा मिनिटांच्या फितीला अशा रीतीने दोन तासिका लागतात. त्यांच्या मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात त्या दोन तासिका लागोपाठ करून दिल्या आहेत.