नांदगाव खंडेश्वरहून आक्षीच्या किनाऱ्यावर: चौघांना किती खर्च?

समुद्र पाहायला पैसे पडत नाहीत. पडतात ते तिथवर पोचायचे, आणि त्याहून जास्त चुकीचा वार निवडल्याचे. म्हणून गर्दीची चौपाटी सोडा आणि अलिबागच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर असलेलं आक्षी धरा. सुरूचं बन, लांबरुंद वाळू, कोळ्यांच्या होड्या. वॉटर स्पोर्ट्सचा गलबला पलीकडे नागावला.

हिशोब नवरा-बायको आणि 8 व 11 वर्षांची दोन मुलं असा धरला आहे. आकडे अंदाजाचे आहेत. निघण्याआधी ताजे दर विचारून घ्या.

नांदगाव ते बडनेरा एसटीला मोठ्या माणसाचे पन्नासेक रुपये. महिलांना आणि बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, म्हणजे जाऊन-येऊन अडीचशेत भागतं. पुढे रात्रीची अमरावती-मुंबई एक्सप्रेस. स्लीपरला माणशी चारशेच्या वर, थर्ड एसीला हजार-अकराशे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं लागतं, हे पुष्कळांना खिडकीवरच कळतं. अर्ध्या तिकिटाच्या मोहात पडू नका. रात्रभर एका बर्थवर दोघं, म्हणजे सकाळी समुद्र पाहायची ताकदच उरत नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. बेत फिसकटला तर स्लीपरच्या कन्फर्म तिकिटावर माणशी किमान 120 रुपये कापले जातात, तेही बरंच आधी रद्द केलं तर. चौघांचे जाऊन-येऊन साडेतीन हजार धरा.

सीएसएमटीहून टॅक्सीने गेटवे, तिथून मांडव्याची लाँच. बहुतेक कंपन्यांच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते. ते विचारूनच तिकीट काढा, नाहीतर बसचे वेगळे मोजाल. चौघांचे दोन्ही वेळचे सतराशेच्या आसपास. पावसाळ्यात या लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो किंवा पनवेलमार्गे एसटी.

खरा फरक खोलीत पडतो. आक्षीतल्या घरगुती निवासात मंगळवार-बुधवारी दोन हजारांत मिळणारी खोली शनिवारी चार हजारांवर जाते. मंगळवारी पोचा, गुरुवारी संध्याकाळी परतीची गाडी धरा. दोन रात्रींचे चार हजार, तीन दिवसांच्या जेवणाचे साडेतीन, रिक्षा-टॅक्सीचे हजार. एकूण चौदा हजार. हीच सहल शनिवार-रविवारी अठराच्या घरात जाते.

आता आपल्याकडच्या माणसाला सांगायलाच हवं असं एक. भरती-ओहोटी आपल्या अंगवळणी नाही. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला साधारण तीनला भरती, म्हणून ओहोटी नऊच्या सुमारास. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत गाठता येतो. मात्र हा ढोबळ अंदाज आहे. पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या कोळ्याला विचारा, आणि पाणी चढायच्या आत परत फिरा. पोहायला लावू नका पोरांना, गुडघाभर पाणी पुरे.

आक्षीत एक फुकटचं दर्शन सोडू नका. आपल्या नांदगावात खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळात यादवांच्या काळाचा लेख आहे. आक्षीचा शिलालेख त्याहूनही जुना, शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत तो गणला जातो. मुलांना त्या दगडापुढे दहा मिनिटं उभं करा.